एका बाकावर, लढाईच्या वर्षी

आमच्या मॅट्रिकच्या वर्गात आम्ही नऊ जण होतो, पाच मुलगे आणि चार मुली. हैदराबादेत कोठी भागाच्या मागच्या एका गल्लीत, डॉक्टरांच्या पाट्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या मधोमध आमची मराठी शाळा होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत आमचा वर्ग. आमच्या आधीच्या वर्गांत पुष्कळ मुलं असत. आमच्या वेळी मात्र तेलंगणाच्या आंदोलनात शाळा कित्येक महिने बंद राहिल्या, वर्ष बुडालं, कुणाच्या वडिलांनी बदली करून घेतली, कुणी मुलांना नांदेड-सोलापूरला काका-मामांकडे धाडून दिलं, आणि उरलो ते आम्ही. आमचे हेडमास्तर देशपांडे सर आम्हाला नवरत्नं म्हणत, पण म्हणताना हसत नसत. नवातलं एक जरी गळालं तरी पुढच्या वर्षी मराठी माध्यमाचा हा वर्ग चालू ठेवता येईल की नाही, याची त्यांना धास्ती होती. कुणाला साधी सर्दी झाली तरी ते घरी विचारपूस करायला येत.

मुलींच्या पुढच्या बाकावर मी आणि जुबेदा. जुबेदाचं घर मूळचं परभणीकडचं. तिचे अब्बा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचं काम करत. राज्यं वेगळी झाली तेव्हा त्यांच्या खात्यातले बरेच लोक महाराष्ट्रात गेले, हे इथंच राहिले, पण मुलीनं मराठी शाळेतच शिकायचं हा तिच्या अम्मीचा हट्ट होता. अम्मी स्वतः परभणीला मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. घरी ते सगळे आपसांत दखनी बोलत, आमच्याशी मराठी, आणि भाजीवालीशी तेलुगू. जुबेदाचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं. निबंध तिचा वाचून दाखवला जाई आणि माझ्या निबंधावर सर ‘अक्षर सुधारा’ एवढंच लिहीत.

आम्ही मलकपेठेत राहत होतो, आणि ते आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. सकाळी रेसकोर्सवर घोडे फिरवायला काढत, त्यांच्या टापा ऐकू आल्या की आई उठायची. मग पाण्याच्या घंगाळ्याचा आवाज, मग पिठाच्या डब्याचा, मग भाकरी थापल्याचा. आमच्याकडे जेवण म्हणजे जवारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि चिंच घातलेली खट्टी दाळ. पुण्याहून कुणी पाहुणे आले की त्यांना ते आंबट लागे आणि ते गूळ मागून घेत. अप्पा सरकारी कचेरीत होते. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, त्यामुळे घरात उर्दू दैनिक यायचं, आणि अप्पा ते मोठ्यानं वाचता वाचता आईसाठी मराठीत सांगत जायचे. ‘आता काय म्हणतात?’ असं आई विचारायची आणि अप्पा एक वाक्य सांगून गप्प व्हायचे. त्या वर्षी ते फारच लवकर गप्प व्हायला लागले.

कारण माझा मोठा भाऊ मधू, ज्याला मी दादा म्हणत असे, तो नौदलात होता. जिथं समुद्र नाही अशा या गावातून तो समुद्रावर कसा गेला, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं समुद्र पाहिलेलाच नव्हता. मोठं पाणी म्हणजे तिला हुसेनसागर तलाव. दादाचं जहाज ती हुसेनसागरात कल्पून बघायची, आणि मग विचारायची, ‘काठ दिसत असेल ना हो त्याला?’ अप्पा म्हणायचे, ‘हौ, दिसतो.’ दादा जहाजाच्या पोटात, इंजिनावर काम करायचा. दिवाळीनंतर त्याचं पत्र आलं की मला या जहाजावरून काढून दुसऱ्यावर घेतलंय, नवं नाव तिथं पोचल्यावर कळवतो. त्यानंतर काही आलं नाही. आणि मग लढाई सुरू झाली.

आता इतक्या वर्षांनी, मागच्या वर्षी आमच्या शहरात हवाई हल्ल्याच्या भोंग्याची तालीम झाली. मी आता तारनाक्याला मुलाकडे राहते. माझी नात, जी मराठी बोलते पण वाचताना अडखळते, ती फोनवर त्याचं चित्रण करायला गच्चीवर धावली. ‘आजी, ये ना, मस्त वाजतोय,’ म्हणाली. मी गेले नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तो आवाज थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले. तिला पुढं कधीतरी कळावं म्हणूनही हे लिहिते आहे. कुणीतरी तिला वाचून दाखवील.

तेव्हा भोंगा वाजला की आम्ही नऊ जण बाकांखाली शिरायचो. खिडक्यांच्या काचांवर मुलांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. खळीचा आंबूस वास वर्गभर असायचा, आणि रात्री त्या पट्ट्या झुरळं खायची, म्हणून सकाळी पुन्हा चिकटवायच्या. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागत नसत. मोटारींच्या दिव्यांना वरून निम्मा काळा रंग. आमच्या वर्गातला दिनकर, वयानं आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, नागरी संरक्षणाच्या तुकडीत गेला होता. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. कुणाच्या घरातून उजेड दिसला की तो शिट्टी वाजवत असे. त्याला दुसऱ्या दिवशी गणित येत नसे, पण सर त्याला बोलत नसत.

दोन-तीन दिवसांतच एका सकाळी दिनकर वर्गात पेढ्यांचा पुडा घेऊन आला. ‘कराची पेटली,’ तो म्हणाला. ‘आपल्या नेव्हीनं पेटवली. तेलाच्या टाक्या जळतायत. लांब समुद्रातून दिसतंय म्हणे.’ मग माझ्यासमोर पुडा धरून म्हणाला, ‘सुधा, तू दोन घे. तुझा दादा तिथंच असणार.’

मी दोन घेतले. आमच्या घरातला माणूस इतक्या मोठ्या गोष्टीत आहे असं कधी वाटलंच नव्हतं. दिनकरनं जुबेदापुढंही पुडा धरला, आणि तिनंही एक पेढा घेतला. देशपांडे सर आले, त्यांनी आपला पेढा रुमालात ठेवला आणि म्हणाले, ‘भूमितीचं पुस्तक काढा.’ सबंध तासभर जुबेदा उजव्या हातानं लिहीत होती आणि डाव्या मुठीत पेढा होता. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, ‘आपाचं घर समुद्राच्या बाजूला आहे.’

तिची आपा म्हणजे थोरली बहीण नसीम. ती लग्न होऊन कराचीला गेली होती, मावशीच्या घरात. मी तिला लहानपणी पाहिलेलं होतं. माझ्या वेणीत तिनं एकदा जाईचा गजरा माळला होता. जुबेदानं मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं की आपाला दिवस गेलेत, हिवाळ्यात बाळ होईल. हे मला माहीत होतं, आणि तरी दिनकर बोलत होता तेव्हा मला त्याची आठवण झाली नव्हती. कराची म्हणजे नकाशावरचं एक काळं टिंब, एवढंच डोक्यात होतं.

‘टाक्या लांब असतील,’ मी म्हणाले.

‘हौ,’ ती म्हणाली. ‘लांबच असतील.’

त्यानंतर आमच्या बाकावर बोलणं संपलं. भांडण नव्हतं. पेन्सिल मागितली तर ती देई, मी अडले तर कोपरानं वही सरकवून उत्तर दाखवी. पण मी बोलायला तोंड उघडलं की दादाचं नाव येणार, आणि ती बोलली की आपाचं, आणि त्या दोन नावांच्या मध्ये समुद्र आणि आग. मागच्या बाकावरच्या दोघी एकमेकींत कुजबुजत. जुबेदा डबा घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायला लागली.

मग आमचं एक जहाज बुडाल्याची बातमी आली. अप्पांनी ती कचेरीत ऐकली, आणि संध्याकाळी घरी येऊन आईला सांगायची कशी या विचारात बराच वेळ बूट काढत बसले. शेवटी आईनंच विचारलं, ‘मधूचं काही?’ अप्पा म्हणाले, ‘मधूचं नाही. एक जहाज गेलं म्हणतात. आपल्याला त्याच्या जहाजाचं नाव ठाऊक नाही. म्हणजे ते असेलच असं नाही.’ आई म्हणाली, ‘नसेलच असंही नाही.’ त्या रात्री आमच्याकडे पानं वाढली गेली आणि तशीच उचलली गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी बसले तशी जुबेदा बाकावर माझ्याकडे सरकली. तिच्यापर्यंत बातमी आलेली होती.

‘नाव कळलं?’ तिनं विचारलं.

‘जहाजाचं कळलं. दादा त्याच्यावर होता का, ते नाही.’

तिनं माझा हात बाकाखाली धरला आणि शाळा सुटेपर्यंत सोडला नाही. तळहाताला घाम आला तरी सोडला नाही. पुढं आयुष्यात माझ्या सुखदुःखाला खूप माणसं आली, पण त्या दिवशीच्या हाताएवढा आधार मला फार थोड्यांचा झाला.

आमचा रेडिओ जुना, लहानसा. त्यावर हैदराबाद नीट लागे, मुंबई खरखरत लागे, आणि दोन्हीकडे बातमी तीच. आई चुलीपाशी बसून ऐके. बातम्या संपल्या की म्हणे, ‘वाचलेल्यांची नावं का नाही सांगत?’ अप्पा म्हणाले, ‘रेडिओवर अशी नावं सांगत नाहीत.’ आई म्हणाली, ‘एखाद्या स्टेशनवर सांगत असतील.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘जुबेदाकडे मोठा रेडिओ आहे ना? लंडन लागतं ना त्यावर?’

हे ऐकून अप्पांनी पेपर खाली ठेवला. आमच्या दोन घरांचे संबंध चांगले होते, पण ते उंबऱ्याबाहेरचे. ईदेला त्यांच्याकडून शेवया, दूध आणि खारका यायच्या, पण सगळा कच्चा शिधा. आई शिजवलेलं घेत नाही हे अम्मींना ठाऊक होतं. दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा. आई त्यांच्या फाटकाशी उभी राहून बोले, आत कधी गेली नव्हती. ‘आता, काळोखात जाणार?’ अप्पांनी विचारलं. आईनं शाल घेतली, माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. सात वाजत आले असतील, पण रस्त्यावर अमावास्येसारखा अंधार होता. आई भिंतीला हात लावत चालत होती.

जुबेदानं दार उघडलं. आईला पाहून ती एकदम बाजूला झाली आणि आत वळून म्हणाली, ‘अम्मी, काकू आल्यात.’ अम्मी पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या. आई म्हणाली, ‘मला लंडन ऐकायचंय.’ एवढंच. अम्मींनी काही विचारलं नाही. त्यांनी आईला पलंगावर बसवलं. खिडकीवर कांबळं ठोकलेलं होतं, दिव्याला भोवती तपकिरी कागद. अब्बा उठले, आईला आदाब करून रेडिओपाशी बसले. तो मोठा लाकडी रेडिओ, त्याची तार छपरावर गेलेली, आणि पुढच्या बाजूला एक हिरवा डोळा, जो स्टेशन लागलं की मिटत यायचा. अब्बा ती कळ इतकी हळू फिरवत होते की फिरताना दिसतच नव्हती. खरखर, कुठलंतरी गाणं, पुन्हा खरखर, मग लंडनहून उर्दूतून बोलणारा माणूस. तो जहाजाबद्दल बोलला. पुष्कळ खलाशी बुडाले, काहींना वाचवण्यात आलं. अब्बांनी एकेक वाक्य आईला मराठीत सांगितलं. नावं त्यानं सांगितली नाहीत.

‘काहींना वाचवलंय,’ आई म्हणाली.

‘हौ, भाभी. बहुत लोकांना वाचवलं,’ अब्बा म्हणाले. ‘बहुत’ हे त्यांनी स्वतःचं घातलं, ते मला कळलं, कारण उर्दू मलाही समजत होतं.

अम्मींनी चहा आणून आईपुढं ठेवला, पण घ्या असं म्हणाल्या नाहीत. आई त्या कपाकडे बघत राहिली आणि मग तिनं तो उचलून प्यायला. अब्बा रेडिओ बंद करायला लागले, तेवढ्यात कळ फिरताना मध्येच एका बाईचा आवाज आला. अम्मी म्हणाल्या, ‘ठहरो जी. कराची है.’ अब्बांनी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. शत्रूचं स्टेशन ऐकणं गुन्हा आहे असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. आई म्हणाली, ‘ऐकू द्या त्यांना. त्यांची मुलगी आहे तिथं.’ अब्बांनी आवाज अगदी बारीक केला आणि आम्ही पाचही जण रेडिओजवळ वाकलो. ती बाई आपल्या लोकांना धीर देत होती. कुठला भाग जळला, कुठला वाचला, यातलं ती काहीच सांगत नव्हती.

बाहेर शिट्टी वाजली, आणि मग दारावर थाप.

नंतर कळलं की कांबळ्याचा एक कोपरा निसटून खिडकीतून उजेडाची पट्टी रस्त्यावर पडली होती. नुसत्या उजेडाला एवढी माणसं आली नसती. छपरावरच्या तारेबद्दल गल्लीत आधीपासून बोललं जात होतं. अब्बांनी दार उघडलं तेव्हा समोर दिनकर, कोपऱ्यावरचा किराणावाला यादगिरी, आणि मागं अंधारात बरीच माणसं. चेहरे दिसत नव्हते, विड्यांची टोकं तेवढी दिसत होती.

‘अंकल, लाइट कशाला ठेवला?’ यादगिरी म्हणाला. ‘आन् कुणाशी बोलताव? तार लावून कराचीशी बोलताव म्हणतेत लोकं.’

‘ये रेडिओ है, यादगिरी,’ अब्बा म्हणाले. ‘इसमें बोलते नहीं, सुनते हैं.’

‘ते ठाण्यावर सांगा. रेडिओ घेऊन चला.’

मागून कुणीतरी काहीतरी बोललं, जे मी इथं लिहिणार नाही. कुणी फाटक ढकललं. जुबेदा माझ्या मागं आली आणि तिनं माझ्या पाठीवरची ओढणी मुठीत धरली. अब्बा दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभे होते.

माझी आई परक्या पुरुषांपुढं बोलत नसे. अप्पांच्या कचेरीतले लोक आले तर ती आतूनच चहा पाठवायची. ती उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि अब्बांच्या बाजूनं पुढं होऊन दारात उभी राहिली.

‘दिनू,’ ती म्हणाली.

दिनकरनं बॅटरी वर केली आणि लगेच खाली घेतली. ‘काकू? तुम्ही इथं कशाला?’

‘बातम्या ऐकायला आले. आमचा रेडिओ लहान आहे.’

यादगिरी म्हणाला, ‘अम्मा, तुम्ही घरी जावा. इथलं आम्ही बघताव.’

‘माझा मधू जहाजावर आहे,’ आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मागचे लोक ऐकायला गप्प झाले. ‘एक जहाज बुडालं. तो त्यावर होता का नव्हता, मला माहीत नाही. यांनी मला लंडन लावून दिलं. मी मागितलं म्हणून लावलं. लाइट माझ्यासाठी होता. ठाण्यावर न्यायचं तर मला न्या.’

यादगिरीच्या दुकानात दादा शाळेत असताना रोज संध्याकाळी जायचा. त्याच्या मुलाला दादानंच पाढे शिकवले होते. यादगिरीनं विडी टाकून पायाखाली चिरडली. तेवढ्यात अप्पा आले. आम्हाला उशीर झाला म्हणून निघालेले, आणि गल्लीत गर्दी बघून धावलेले. धोतराचा सोगा हातात. काय झालं ते त्यांनी दिनकरकडून ऐकून घेतलं आणि सरकारी माणसाच्या शांत आवाजात यादगिरीला म्हणाले, ‘आज रात्री कोणी कुठं जाणार नाही. उद्या सकाळी मी स्वतः यांना घेऊन ठाण्यावर येतो.’

तरी रेडिओ गेलाच. मागच्या लोकांना काहीतरी हातात हवं होतं. अब्बांनी तो स्वतः उचलून आणला, वर एक धुतलेला टॉवेल घातला, आणि दिनकरच्या हातात देताना म्हणाले, ‘संभालके, बेटा. काच है.’ दिनकर तो घेऊन उभा राहिला. मग त्यानं तो दुसऱ्याकडे दिला, आत येऊन, स्टुलावर चढून निसटलेलं कांबळं नीट ठोकलं, आणि जुबेदाकडे न बघता निघून गेला. अम्मी पलंगावर बसून होत्या. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली.

सकाळी अप्पा आणि देशपांडे सर अब्बांना घेऊन ठाण्यावर गेले. सरांना कुणी बोलावलं नव्हतं. दिनकरनंच पहाटे त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं. ठाण्यावर अब्बांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, तेच तेच विचारलं, आणि सोडलं. आम्ही आठ जण वर्गात होतो. जुबेदाची जागा रिकामी. दिनकर आपल्या बाकावर मान खाली घालून बसलेला, दंडावर पट्टी नाही. सर दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या कोटाला ठाण्यातल्या चुन्याचा डाग लागला होता. ते म्हणाले, ‘उद्यापासून ती येणार आहे. तिच्याशी नेहमीसारखं बोला. विशेष गोड बोलायला जाऊ नका, तेही कळतं माणसाला.’

ती आली. पण आता दोन्ही घरांत काही कळायचं साधन राहिलं नाही. त्यांचा रेडिओ ठाण्यावर, आणि आमचा आईनं लावायचाच बंद केला. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला की आई आतल्या खोलीत जाऊन बसे, आणि तो पुढं गेला की बाहेर येई. मी आणि जुबेदा संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला बसू लागलो. काय वाचलं ते देवालाच ठाऊक. तीच प्रमेयं पुन्हा पुन्हा, डोक्यात काही शिरत नसे. ती मध्येच थांबून विचारी, ‘बाळ झालं असेल का?’ आणि मी म्हणे, ‘झालं असेल.’ मग मी विचारी, ‘पोहता येणाऱ्या माणसाला किती वेळ तरंगता येतं?’ आणि ती म्हणे, ‘खूप वेळ.’ आम्ही एकमेकींशी खोटं बोलत होतो असं नाही. आम्हाला माहीत नव्हतं, आणि कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

लढाई संपली. शहरात फटाके वाजले, रस्त्यावर दिवे लागले, यादगिरीनं दुकानाला माळा लावल्या. आम्ही दाराला कडी घालून घरात बसलो होतो. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी दादाचं एका ओळीचं पोस्टकार्ड आलं: मी खुशाल आहे, काळजी करू नये. आईनं ते वाचलं, मला दिलं, आणि चुलीवर दाळ होती ती ढवळायला गेली. ढवळता ढवळता खाली बसली, आणि मग मला तिला उठवावं लागलं नाही, ती आपली आपण उठली आणि म्हणाली, ‘जुबेदाकडे जाऊन सांग.’ मला जावंसं वाटेना. त्यांच्याकडे अजून काहीच आलं नव्हतं, दोन्ही देशांमधलं टपाल बंद होतं. पण गेले. अम्मींनी माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून ती आपल्या कानशिलांवर मोडली.

त्यांची बातमी परीक्षेच्या तोंडावर आली, कुवेतला असलेल्या एका नातेवाइकामार्फत. आपा सुखरूप होती, तिला मुलगी झाली होती. जुबेदा मराठीच्या पेपराला येताना हे कळून आली आणि परीक्षेच्या खोलीबाहेर तिनं ते सांगितलं तेव्हा दिनकरही तिथं उभा होता. तो म्हणाला, ‘बरं झालं.’ मग थांबून म्हणाला, ‘रेडिओ ठाण्यातून परत आणायला मी चाचांबरोबर जाऊ का?’ ती म्हणाली, ‘अब्बांनी आणला. काच फुटली आहे.’ दोघं आत गेली. आम्ही नवांपैकी आठ पास झालो. दिनकर गणितात राहिला आणि ऑक्टोबरात सुटला. पुढच्या वर्षी वर्ग भरला, त्यात अकरा मुलं होती, आणि सर त्यांना काय म्हणत ते मला माहीत नाही.

दादा उन्हाळ्यात रजेवर आला. वाळला होता, आणि बोलतच नव्हता. म्हणजे विचारलं तेवढ्याचं उत्तर देई. गल्लीतले लोक त्याला भेटायला येत, कराचीचं विचारत, तो पाणी आणायच्या निमित्तानं आत जाई आणि बाहेर येत नसे. आईनं एका दुपारी जुबेदाला जेवायला बोलावलं. तिनं साखरभात केला होता, कैरीची डाळ, पुऱ्या. आम्ही तिघं ओळीनं पाटांवर बसलो, दादा मध्ये. निम्मं जेवण झालं. मग जुबेदानं विचारलं, ‘दादा, तुम्ही तिथं होता ना? कराचीपाशी?’

आईचा हात कढईवरच थांबला.

‘होतो,’ दादा म्हणाला. ‘पण मला काही दिसलं नाही. मी खाली इंजिनात होतो. तिथं आवाज फक्त आपल्याच यंत्रांचा.’

‘मग तुम्हाला कसं कळलं?’

‘कर्ण्यावर वरून सांगितलं. आग लागली म्हणून. सगळे ओरडले आनंदानं.’ तो भाताकडे बघत होता. ‘मीपण ओरडलो.’

जुबेदानं पुरीचा एक घास मोडला. मग म्हणाली, ‘आपा गच्चीवर होती. आजूबाजूचे सगळेच गच्चीवर गेले होते म्हणे, बघायला. तिला वाटलं घरापर्यंत येईल. आली नाही.’

‘मुलगी झाली ना तिला?’ दादानं विचारलं. ‘नाव काय ठेवलं?’

‘सबीहा.’

दादानं ते नाव एकदा हळू म्हणून पाहिलं. मग त्यानं आईकडे आणखी भात मागितला, आणि आईनं जुबेदाला न विचारता तिच्याही पानात वाढला.

संध्याकाळी तो तिला घरी पोचवायला गेला. बराच वेळ झाला तरी परत आला नाही म्हणून मी बघायला निघाले. गल्लीच्या वळणावरूनच दिसलं, दादा त्यांच्या ओट्यावर बसला होता, शेजारी अब्बा, आणि दादा बोलत होता. हात हलवून, मध्येच थांबून, पुन्हा सुरुवात करून. घरी आल्यापासून पहिल्यांदाच तो इतकं बोलत होता. अब्बा मान हलवत होते. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही आणि पुढं कधी मी विचारलंही नाही. मी तशीच परत फिरले. आई दारात उभी होती.

‘कुठं आहे?’ तिनं विचारलं.

‘जुबेदाच्या अब्बांशी बोलतोय.’

‘बोलू दे,’ आई म्हणाली, आणि दार नुसतं लोटून आत गेली.